कागदाची सुरळी

डोंबिवली स्टेशनाहून पूर्वेकडे निघालेला रस्ता औद्योगिक वसाहतीच्या अंगाने जात जात कल्याण-शीळ रस्त्याला मिळतो, तिथे मानपाडा आहे. (ठाण्याला घोडबंदर रस्त्यावरही एक मानपाडा आहे; तो वेगळा.) वसईहून, नगर-जालन्याकडून, गोव्याहून आणि मंगळूरहून पोटापाण्यासाठी आलेली आपली कितीतरी कुटुंबे या परिसरात स्थिरावली आहेत. शाळेतून निवृत्त झाल्यावर आम्ही येथेच, एका स्नेह्यांच्या घरी, रविवारच्या मिस्सानंतर आठवी-नववीच्या मुलांसाठी विज्ञानाचा एक छोटा वर्ग सुरू केला. फी नाही, परीक्षा नाही. शाळेत जे नुसते वाचले जाते ते हाताने करून पाहायचे, एवढाच हेतू. या वर्गात आमच्या हातून घडलेल्या एका चुकीने आमच्यापुढे जो प्रश्न उभा केला, तो आज वाचकांसमोर ठेवायचा आहे. वरवर पाहता तो शिकवण्याच्या पद्धतीचा प्रश्न आहे. पण आमच्या मते तो मुळात नीतीचा प्रश्न आहे.

आठवीच्या सामान्य विज्ञानाच्या पुस्तकात मानवी शरीर व त्यातील संस्थांचा धडा आहे. श्वसन, रक्ताभिसरण, हृदय, रक्तगट असे सारे त्यात येते. आम्ही आरंभ श्वसनाने केला. पाण्याच्या रिकाम्या बाटलीचा तळ कापला, झाकणाला भोक पाडून त्यातून पेनाची पोकळ नळी आत सोडली, नळीच्या आतल्या टोकाला फुगा बांधला आणि कापलेल्या तळावर दुसऱ्या मोठ्या फुग्याचे रबर ताणून बसवले. खालचे रबर ओढले की आतला फुगा फुगतो, सोडले की मिटतो. फुफ्फुस आपण होऊन हवा ओढत नाही. खालचे श्वासपटल खाली सरकते, छातीच्या पोकळीतली जागा वाढते, आतला दाब कमी होतो आणि बाहेरची हवा आपोआप आत शिरते. फळ्यावर दहा वेळा सांगूनही जे समजत नाही ते बाटलीने एका क्षणात समजावले. मुले आपापल्या बरगड्यांवर हात ठेवून श्वास घेऊ लागली. खोलीत शांतता पसरली. आपल्या आत काहीतरी अखंड चालले आहे आणि ते आपल्या परवानगीची वाट पाहत नाही, ही जाणीव त्यांच्या चेहऱ्यांवर दिसत होती.

या यशाने आम्ही थोडे फुशारलो आणि पुढच्या रविवारी एक पाऊल पुढे टाकले. पाच लिटरचा प्लॅस्टिकचा कॅन पाण्याने भरून टबात उपडा धरला, त्यात रबरी नळी सोडली आणि प्रत्येकाला छाती भरून श्वास घेऊन नळीतून फुंकायला सांगितले. जितकी हवा आत जाईल तितके पाणी बाहेर पडते. कॅनवर खुणा केलेल्या असल्या की एका दमात किती लिटर हवा बाहेर पडली ते वाचता येते. नळीचे तोंड प्रत्येकासाठी धुऊन घेतले. सुरक्षिततेची सारी काळजी घेतली, असे आम्हाला वाटले. मग फळ्यावर दोन रकाने आखले. एकात नावे, दुसऱ्यात लिटर.

मुलांत चढाओढ लागली. फुटबॉल खेळणारा एक मुलगा पहिला आला, टाळ्या पडल्या. सर्वांत शेवटचा आकडा एका हडकुळ्या, बुजऱ्या मुलाचा होता. पहिल्या आकड्याच्या तो निम्मासुद्धा नव्हता. कुणीतरी हसले, मग सगळे हसले. आम्हीही, त्याला धीर द्यावा म्हणून, काहीतरी विनोद केला. फळा पुसला. वर्ग संपला.

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. आम्ही त्याच्या घरी गेलो तेव्हा आईने आम्हाला दारातच थांबवले आणि हळू आवाजात म्हणाली, “सर, रागावू नका. त्याला लहानपणापासून दमा आहे. शाळेत कोणाला ठाऊक नव्हतं, त्यानेच सांगू दिलं नव्हतं. आता तो म्हणतो, माझ्या आतलं सगळ्यांना कळलं.”

माझ्या आतलं सगळ्यांना कळलं! तेरा वर्षांच्या मुलाचे हे वाक्य आमच्या मनात रुतून बसले. आम्ही तीस-बत्तीस वर्षे विज्ञान शिकवले. परीक्षानळीतला द्रव लाल झाला की निळा, हे फळ्यावर लिहिताना द्रवाला काय वाटेल असा विचार करण्याची वेळ आमच्यावर कधी आली नाही. परंतु जीवशास्त्राच्या या धड्यात वस्तू, पात्र आणि विद्यार्थी एकच असतात. जे पाहायचे आहे तेच पाहणारा आहे. मग मुलाचे शरीर हे शिक्षणाचे साधन म्हणून वापरण्याचा अधिकार शिक्षकाला आहे काय? असल्यास कुठपर्यंत?

या प्रश्नाला दोन सोपी उत्तरे आहेत आणि आमच्या मते दोन्ही अपुरी आहेत. पहिले उत्तर असे की, शरीराच्या वाटेलाच जाऊ नये. भिंतीवर तक्ता लावावा, छडीने अवयव दाखवावेत, नावे पाठ करून घ्यावीत. अशाने कुणाचा अपमान होत नाही हे खरे. पण कुणाला ज्ञानही होत नाही. तक्त्यावरचा तो कातडी सोललेला माणूस मुलाला आपला वाटतच नाही. देशातील विज्ञान शिक्षणाच्या चळवळींनी ही उणीव फार पूर्वी ओळखली. मध्य प्रदेशात १९७२ साली सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमात खेड्यातल्या साध्या शाळांतील मुले स्वतः प्रयोग करून निष्कर्ष काढीत. मुंबईत १९७४ साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र उभे राहिले. पुण्याला आयुका या संस्थेतील मुलांच्या विज्ञान केंद्रात अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून शेकडो खेळणी करून दाखवली. ‘करून पाहा’ हे सूत्र आता नवे राहिलेले नाही आणि ते आम्हाला सोडायचेही नाही.

दुसरे उत्तर याच्या उलट टोकाचे आहे. विज्ञानाला लाज नसते, शरीर म्हणजे एक यंत्र, यंत्राचा आकडा सांगण्यात कसला आला संकोच, असे ते म्हणते. हे उत्तर धीट वाटते. पण त्या मुलाच्या वाक्यापुढे ते टिकत नाही. दम्याचा मुलगा हे कमी क्षमतेचे यंत्र नव्हे. आपली उणीव कोणाला, केव्हा, किती सांगायची हे ठरवणे हाही माणूस असण्याचाच एक भाग आहे. आम्ही त्याच्याकडून एक फुंकर घेतली आणि तिच्याबरोबर तो अधिकारही काढून घेतला.

मग मार्ग कोणता? या विचारात असताना आम्हाला एका डॉक्टरांची गोष्ट आठवली. आम्ही ती वर्गात अनेकदा सांगितली होती, पण तिचा अर्थ आम्हाला तोवर उमगला नव्हता.

रने लाएनेक हे फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात १७८१ साली जन्मलेले डॉक्टर. श्रद्धावंत कॅथलिक, गरिबांवर जीव लावून उपचार करणारे. १८१६ साली ते पॅरिसच्या नेकर रुग्णालयात होते. हृदयविकाराची लक्षणे असलेली एक तरुण स्त्री त्यांच्याकडे आली. त्या काळी छातीतले आवाज ऐकण्याचा एकच थेट उपाय होता, तो म्हणजे रुग्णाच्या छातीला कान लावणे. रुग्ण तरुण आणि स्त्री. तिच्या छातीला कान लावणे लाएनेक यांना प्रशस्त वाटेना. बोटांनी ठोकून पाहावे तर तिच्या स्थूलपणामुळे त्यातूनही काही कळेना. तेव्हा त्यांना ध्वनीची एक साधी गोष्ट आठवली. लाकडाच्या ओंडक्याच्या एका टोकाला टाचणीने खरवडले की दुसऱ्या टोकाला कान लावणाऱ्यास ते स्पष्ट ऐकू येते. त्यांनी कागदाचे काही ताव घेतले, घट्ट सुरळी केली, एक टोक तिच्या छातीवर ठेवले आणि दुसरे आपल्या कानाला लावले. हृदयाचे ठोके त्यांना नुसत्या कानाने ऐकू येत त्याहून अधिक स्वच्छ ऐकू आले. पुढे त्या सुरळीची लाकडी नळी झाली आणि १८१९ साली त्यांनी आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. आज डॉक्टरांच्या गळ्यात दिसणाऱ्या स्टेथोस्कोपचा जन्म असा झाला. लाएनेक यांनी त्याच नळीने क्षयाचे असंख्य रुग्ण तपासले आणि १८२६ साली ते स्वतः क्षयानेच गेले.

या गोष्टीत आम्ही नेहमी कल्पकतेचे कौतुक करीत असू. खरे पाहता तिच्यात कल्पकतेच्या आधी दुसरे काहीतरी आहे. लाएनेक यांना संकोच वाटला. त्या संकोचाला नमून ते मागे फिरले असते तर स्त्रीचा मान राहिला असता, पण तिचा आजार तसाच राहिला असता. संकोच झुगारून त्यांनी कान लावला असता तर कदाचित रोग कळला असता, पण ती स्त्री त्यांच्यापुढे केवळ एक छाती होऊन उरली असती. त्यांनी तिसरी गोष्ट केली. संकोचाचा मान राखून ऐकण्याचे साधन शोधले. आणि आश्चर्य असे की त्या वीतभर अंतराने ज्ञान कमी झाले नाही, उलट वाढले. खरी मर्यादा कान बंद करीत नाही. ती सुरळी शोधते. आमच्या सगळ्या विचाराचे सार या एका वाक्यात आहे.

या कसोटीवर आपल्या घरांतील आणि शाळांतील एक जुनी सवय तपासून पाहावी. आमच्या विद्यार्थिदशेत प्रजननसंस्थेचा धडा आला की आमचे गुरुजी, “हा घरी वाचा,” असे म्हणून पुढच्या धड्याकडे वळत. घरी तर त्या पानावरून कोणी बोलण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे आम्ही स्वतः शिक्षक झालो आणि प्रांजळपणे सांगायचे तर पहिली काही वर्षे आम्हीही तेच केले. मुलींना वेगळ्या खोलीत पाठवले जाई, मुलांना मैदानावर. मुलींना पाळीविषयी पाच मिनिटे कुजबुजत सांगितले जाई. मुलांना काहीच नाही. याला आम्ही मर्यादा म्हणत होतो. पण ही लाएनेक यांची मर्यादा नव्हे. ही रुग्णाला न तपासता घरी पाठवणे झाले. पहिल्या पाळीला आपल्याला काही भयंकर रोग झाला असे समजून रडणाऱ्या मुली आम्ही पाहिल्या आहेत. आवाज फुटला, अंगात बदल होऊ लागले, की आपल्यात काही पाप शिरले असे मानून कुढणारे मुलगेही पाहिले आहेत. आजची मुले तर कुढतही नाहीत. ती हातातल्या मोबाइलला विचारतात, आणि तिथे त्यांना जे मिळते त्यात ना शास्त्र असते ना आदर.

महाराष्ट्रात या विषयावर बोलण्याची किंमत अनेकांनी मोजली आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ सालापासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले, त्यासाठी न्यायालयाच्या पायऱ्या चढल्या. त्यांच्या कितीतरी मतांशी, विशेषतः संततिनियमनाच्या मार्गांविषयीच्या मतांशी, आपल्या ख्रिस्तसभेचे पटणारे नाही आणि आमचेही नाही. परंतु मराठी भाषेत शरीराविषयी न कुजबुजता आणि न चेकाळता बोलता येते, हे त्यांनी दाखवून दिले. एवढे ऋण मानायला हरकत नसावी. पुढे २००७ साली शाळांतील किशोरवयीन शिक्षणाच्या कार्यक्रमावरून आपल्या विधिमंडळात गदारोळ झाला आणि राज्यात तो कार्यक्रम थांबवला गेला. आपल्यापैकी पुष्कळांना तेव्हा हायसे वाटले असेल. त्यांना आम्ही नम्रपणे आठवण करून देऊ इच्छितो की दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली शिक्षणाविषयी जो जाहीरनामा काढला, त्यात वाढत्या वयाबरोबर मुलांना विधायक आणि विवेकी लैंगिक शिक्षण मिळावे असे स्पष्ट म्हटले आहे. पान उलटून पुढे जाणे ही ख्रिस्तसभेची शिकवण नव्हे. ती आपली सवय आहे.

आता कुणी विचारील, मुलांना विचारून, त्यांच्या संमतीने प्रयोग केला की झाले ना? इथे आम्हाला बेडूक आठवतो. आमच्या पिढीने कॉलेजात बेडूक चिरले. माणसाच्या ज्ञानावर बेडकाचे ऋण मोठे आहे यात शंका नाही. विल्यम हार्वी यांनी १६२८ साली रक्त शरीरात गोल फिरते हे सिद्ध केले, पण धमन्यांतले रक्त शिरांत कुठून जाते ते त्यांना पाहता आले नाही. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १६६१ साली, मालपिगी यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, आणि पाहिले ते बेडकाच्या फुफ्फुसात. त्या बारीक केशवाहिन्या दिसल्या तेव्हा वर्तुळ पुरे झाले. परंतु जे एकदा कळले आहे ते केवळ गुण मिळवण्यासाठी दर वर्षी हजारो जिवांवर पुन्हा करून पाहण्यात कोणते नवे ज्ञान होते? विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ साली प्राणिशास्त्राच्या वर्गांतील विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करण्याच्या सूचना दिल्या त्या योग्यच होत्या. बेडूक ‘नको’ म्हणू शकत नव्हता. आणि आठवीतला मुलगा? पंचवीस मुले रांगेत उभी आहेत, शिक्षक समोर आहेत, नळी हातात आली आहे. अशा वेळी तो तरी ‘नको’ म्हणू शकतो काय? रांगेत मिळालेला होकार हा होकार नसतो. म्हणून विचारणे पुरेसे नाही. नकार देणाऱ्यालाही मानाचे काम राहील अशी वर्गाची मांडणी करणे, ही शिक्षकाची जबाबदारी आहे.

आणखी एक गोष्ट आम्हाला मुलांच्या जिभेने शिकवली. जिभेच्या टोकाला गोड, कडेला आंबट, मागे कडू असा नकाशा अनेक जुन्या पुस्तकांतून छापला गेला आणि आम्हीही तो वर्षानुवर्षे शिकवला. साखरेचे पाणी, मिठाचे पाणी, लिंबू आणि कारल्याचा रस घेऊन, कापसाच्या बोळ्याने जिभेच्या निरनिराळ्या भागांना लावून पाहण्याचा प्रयोग मुलांना फार आवडतो. मुलांना सगळीकडे सगळ्याच चवी लागत. आणि तरीही ती वहीत पुस्तकातलाच नकाशा काढत. पुढे आम्हाला कळले की तो नकाशाच चुकीचा आहे. १९०१ साली एका जर्मन संशोधकाने जिभेच्या भागांत अगदी किंचित फरक नोंदवला होता. पुढे १९४२ साली एका इंग्रजी ग्रंथात तो अशा रीतीने मांडला गेला की किंचित फरकाचे पक्के विभाग झाले. मुलांची जीभ खरे सांगत होती आणि आम्ही त्यांना खोटे लिहायला लावत होतो. ज्या प्रयोगाचे उत्तर आधीच ठरलेले असते तो प्रयोग नव्हे, ते नाटक आहे. स्वतःच्या शरीराच्या साक्षीवर अविश्वास ठेवायला शिकलेले मूल पुढे कुणाचा चुकीचा स्पर्श झाला तरी आपल्या मनातली शिसारी खरी मानायला कचरते, हे पालकांनी लक्षात घ्यावे.

असो. त्या मुलाकडे परत येऊ. आम्ही त्याच्या घरी पुन्हा गेलो तेव्हा बरोबर जुन्या दिनदर्शिकेचे एक पान नेले. आम्ही त्याची माफी मागितली. तो काही बोलला नाही. मग आम्ही त्या पानाची सुरळी केली, ती त्याच्या हातात दिली आणि म्हणालो, “आज तुला काही करायचं नाही. आमचं ऐक.” त्याने थोडे थांबून सुरळी आमच्या छातीवर ठेवली आणि कान लावला. हृदयाचे दोन आवाज असतात. अलिंद आणि निलय यांच्यामधल्या झडपा मिटतात तो पहिला, मोठ्या धमन्यांच्या तोंडाशी असलेल्या झडपा मिटतात तो दुसरा. मिनिटाला सत्तरच्या आसपास ठोके म्हणजे दिवसाकाठी सुमारे एक लाख. तो बराच वेळ ऐकत राहिला. मग कपाळाला आठी घालून म्हणाला, “सर, मध्येच एक ठोका चुकतोय.”

ते खरे होते. डॉक्टरांनी आम्हाला वर्षापूर्वीच सांगितले होते. फार काळजीचे नाही असेही सांगितले होते. पण ती गोष्ट आम्ही चारचौघांत कधी काढली नव्हती. त्या क्षणी एक विचित्र ओशाळलेपण अंगावरून गेले. आपल्या आतले दुसऱ्याला कळले की काय होते ते आम्हाला वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी समजले. मुलाने आमच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि अगदी हळू विचारले, “कुणाला सांगायचं नाही ना, सर?”

जे आम्ही त्याला विचारायला हवे होते ते त्याने आम्हाला विचारले होते. शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांतून जो नियम आम्हाला सापडला नव्हता तो या प्रश्नात होता.

त्यानंतर वर्गाची रीत आम्ही बदलली. पहिले शरीर शिक्षकाचे. आमची नाडी, आमचा श्वास आधी मोजला जातो. फळ्यावर नावांचा रकाना नाही. प्रत्येकाने आपला आकडा आपल्या चिठ्ठीवर लिहायचा, चिठ्ठी आपल्याजवळ ठेवायची, आणि तुलना करायची ती स्वतःशीच. बसलेले असताना नाडी किती, जिना चढून आल्यावर किती, पाच मिनिटांनी किती? शिकायचे ते यातूनच शिकता येते. कोण पहिला आणि कोण शेवटचा याचा जीवशास्त्राशी काही संबंध नाही. ज्याला मोजून घ्यायचे नसेल त्याने घड्याळ धरायचे. घड्याळ धरणाऱ्यावाचून प्रयोग होतच नाही, म्हणून ते मानाचे काम. वरून सोडलेली पट्टी बोटांत पकडण्याचा खेळ आम्ही असाच घेतो. पट्टी वीस सेंटिमीटर घसरून पकडली तर डोळ्यांकडून मेंदूला आणि मेंदूकडून हाताला निरोप पोचायला सुमारे ०.२ सेकंद लागले असे गणित निघते. रविवारच्या जेवणातले कोंबडीचे हाड व्हिनेगरमध्ये आठवडाभर बुडवून ठेवले की त्यातले कॅल्शियम विरघळते आणि ते रबरासारखे वाकते; त्यासाठी कुणाच्या अंगाला हात लावावा लागत नाही. आणि कागदाची सुरळी आधी घरी न्यायची. आईचे, आजीचे हृदय ऐकायचे, पण “ऐकू का?” असे विचारून. एक मुलगी सांगत होती की आजीने आधी तिला हसून वेड्यात काढले, मग दार लोटून घेतले, आणि ऐकून झाल्यावर विचारले, “आहे ना गं अजून?”

त्याच मुलीने आम्हाला एक प्रश्न विचारला. “सर, आमच्या घरी येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर आहे. तिच्यात हृदय बाहेर दिसतं. पुस्तकात ते आत आहे आणि नुसता स्नायू आहे. मग खरं कुठलं?” आम्ही तिला नील्स स्टेनसेन यांच्याविषयी सांगितले. डेन्मार्कचे हे शरीरशास्त्रज्ञ. हृदय हा आत्म्याचा दिवा किंवा उष्णतेची भट्टी नसून एक स्नायू आहे, हे सतराव्या शतकात त्यांनी दाखवले. तेच स्टेनसेन १६६७ साली कॅथलिक झाले, पुढे बिशप झाले, आणि पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८८ साली त्यांना धन्यवादित म्हणून घोषित केले. हृदय स्नायू आहे हे कळल्याने त्यांची श्रद्धा उणावली नाही. आणि तसबिरीकडे नीट पाहा, असे आम्ही तिला म्हणालो. तिथे कुणी ते हृदय उघडून पाहिलेले नाही. येशू स्वतः बोट दाखवून ते दाखवतो आहे. दाखवणे हा ज्याचे हृदय त्याचा अधिकार आहे. ते दान आहे. ते कुणी हिसकावून घ्यायचे नसते.

पण इथे थांबलो तर विचार अर्धाच राहील. डोंबिवलीच्या या बाजूला २०१४ साली हिरवट पाऊस पडल्याचे लोकांनी पाहिले; २०२० च्या सुरुवातीस औद्योगिक वसाहतीतला रस्ता गुलाबी झालेला पाहिला. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ या दोन दिवशी रसायनांच्या कारखान्यांत स्फोट होऊन माणसे गेली आणि दूरवरच्या घरांच्या काचा फुटल्या. त्या मुलाचा दमा कशामुळे आहे हे सांगण्याचा अधिकार आम्हाला नाही. ते डॉक्टरांचे काम. परंतु फुफ्फुसात सुमारे तीस कोटी वायुकोश असतात, ते पसरले तर मोठ्या खोलीची जमीन झाकून जाईल, आणि बाहेरची हवा त्या साऱ्या पृष्ठभागाला दर श्वासागणिक स्पर्श करते, हे ज्या मुलाला कळले तो खिडकीतून उग्र वास आला की नुसते नाक दाबून बसणार नाही. हा वास कुठून येतो, असे तो विचारील. एकेकट्याचा आकडा त्याचा खासगी; पण हवा सगळ्यांची आहे. ज्याचा दमा त्याने झाकला तर आपण त्याचा मान राखावा. ज्याने हवा बिघडवली त्याने ते झाकले तर मात्र आपण उघडे करावे. या दोन झाकण्यांतला फरक मुलांना कळणे, हा आमच्या मते जीवशास्त्राच्या धड्याचा शेवटचा प्रश्न असायला हवा.

पालकहो, मूल शाळेतून आले आणि शरीराविषयी काही विचारू लागले तर ‘घरी वाच’ असे म्हणायला आता जागा उरलेली नाही. ते घरीच आलेले आहे. सगळी उत्तरे आपल्याला येत नसतील. लाएनेक यांच्याजवळही त्या दिवशी यंत्र नव्हते. थोडा आदर होता आणि कागदाचे चार ताव होते.

तो मुलगा महिन्याभराने वर्गात परतला. पहिल्या दिवशी त्याने घड्याळ धरले. पुढे एका रविवारी, कुणी न विचारता, आपल्या खिशातला श्वासाचा पंप काढून त्याने टेबलावर ठेवला आणि तो कसा चालतो हे इतरांना समजावून सांगितले. कुणी हसले नाही. आमचा चुकणारा ठोका मात्र त्याने आजवर कुणालाही सांगितलेला नाही. तो आज आम्हीच येथे सांगितला आहे.